दोन घरचा पाहुणा

तुझा निरोप वाचला. 'बाई, पुढच्या महिन्यात ऑस्ट्रेलियाची सिटिझनशिप मिळतेय. भारताची आहेच. म्हणजे आता डबल!'

भारताची आहेच, हे तुला कोणी सांगितलं? मेलबर्नच्या त्या समारंभात उभा राहून तू ज्या क्षणी प्रतिज्ञा घेशील, त्याच क्षणी तुझं भारताचं नागरिकत्व संपेल. त्यासाठी अर्ज लागत नाही, सही लागत नाही, नोटीसही येत नाही. नागरिकशास्त्र तू माझ्याच वर्गात शिकलास. कमी मार्कांचा विषय म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचास, तेव्हाही मी तुला बोलले होते. आज तू चाळिशीला आलास, दोन मुलांचा बाप झालास, आणि तरी अभ्यास न करता पेपरला बसायला निघाला आहेस. म्हणून पुन्हा बोलते.

माझा संताप नुसत्या तुझ्या अज्ञानावर नाही. परवा उज्जैनला, फ्रीगंजच्या तुमच्या घरी गेले होते. तुझ्या बाबांनी गोदरेजचं कपाट उघडून एक प्लॅस्टिकची फाइल काढली. आत तुझ्या मुलीच्या दोन कागदांच्या रंगीत झेरॉक्स होत्या, एक ऑस्ट्रेलियन पासपोर्टची आणि एक ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', या कार्डाची. ओसीआयची ती पुस्तिका पासपोर्टासारखीच दिसते, वर आपली राजमुद्रा असते. बाबांनी त्या मुद्रेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बघा बाई, नातीचे दोन-दोन पासपोर्ट. आता पोरगाही दोन्हीकडचा होणार." घरी येईल त्याला ते हेच दाखवतात. मी त्यांना शेजारी बसवून नियम वाचून दाखवले. सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला : "म्हणजे त्याचं इथलं मत जाणार?" हो, जाणार. हे त्यांना माझ्याकडून कळायला नको होतं. मुलगा होतास, तू सांगायचं होतंस.

आता नीट वाच. घटनेचं नववं कलम सांगतं की ज्याने स्वेच्छेने परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं, तो भारताचा नागरिक राहत नाही. घटना अमलात आली २६ जानेवारी १९५० ला, पण नागरिकत्वाची कलमं त्याआधीच, २६ नोव्हेंबर १९४९ ला, घटना स्वीकारली त्याच दिवशी लागू झाली. नागरिक कोण, हे ठरवायला नव्या देशाने दोन महिनेही थांबणं पसंत केलं नाही. फाळणी नुकतीच होऊन गेली होती, माणसं सरहद्दीच्या या बाजूने त्या बाजूला जात होती, परत येत होती. कोण आपलं आणि कोण परकं, हा प्रश्न तेव्हा जिवावरचा होता. दुहेरी नागरिकत्वाचा विषय घटना समितीत निघालाच नाही असंही नाही. प्रा. के. टी. शहा यांनी तो मांडला होता. समितीने तो स्वीकारला नाही. आणि परदेश ठाऊक नसल्यामुळे हे झालं असंही नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. त्यांचा जन्म महूचा, आपल्या उज्जैनहून दोन-अडीच तासांवरचा. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून परदेश आतून पाहिलेला तो माणूस होता. त्यानंतर १९५५ चा नागरिकत्व कायदा आला आणि त्याच्याही नवव्या कलमात हेच आहे. इतकी साधी गोष्ट, दोन्हीकडे कलम नऊ. लक्षात ठेवायलाही सोपी.

तू म्हणशील, ऑस्ट्रेलियाला तर चालतं. चालतं, २००२ पासून चालतं. पण दोन देशांचं नागरिकत्व ठेवायला दोन्ही देशांची संमती लागते, एका देशाची उदारता पुरत नाही. आणि ज्या देशाच्या उदारतेचा तू दाखला देतोस, तो देश आपल्या संसदेत दुहेरी नागरिकाला बसू देत नाही, हे तुला माहीत आहे का? त्यांच्या घटनेचं ४४ वं कलम वाच. २०१७ मध्ये त्यांचे उपपंतप्रधान बार्नबी जॉईस यांची खासदारकी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण वडिलांच्या बाजूने ते न्यूझीलंडचेही नागरिक निघाले. देशाचा कायदा करणाऱ्याची निष्ठा एकाच देशाशी हवी, हे तिथेही मानतात. तिथे मतदान सक्तीचं आहे, १९२४ पासून. मत दिलं नाहीस तर दंड भरशील. म्हणजे ज्या देशाचा होशील तो तुझ्याकडून हक्काने काम मागेल. त्याची तयारी केली आहेस का? का तो नवा पासपोर्ट फक्त विमानतळावरची रांग टाळायला हवा आहे?

मग ओसीआय म्हणजे काय? ती तुझी खरी गल्लत, म्हणून इथे थोडं थांबते. डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या समितीने जानेवारी २००२ मध्ये सरकारला अहवाल दिला आणि परदेशस्थ भारतीयांना दुहेरी नागरिकत्व द्यावं अशी शिफारस केली. पुढच्या वर्षी पहिल्या प्रवासी भारतीय दिवसाला वाजपेयींनी तशी घोषणाही केली. पण कायद्यात उतरली ती वेगळीच वस्तू. जानेवारी २००६ मध्ये हैदराबादला पहिली ओसीआय कार्डं दिली गेली, तेव्हापासून आजपर्यंत त्या कार्डाचा गाभा एकच आहे : आयुष्यभर, कितीही वेळा भारतात येण्याचा व्हिसा. सोबत काही सवलती. पोलिसांत नोंदणी करायची गरज नाही, पैशाच्या आणि घर-फ्लॅटच्या व्यवहारात एनआरआयइतके हक्क, पुराणवस्तू पाहायला भारतीयाइतकंच तिकीट.

मत नाही. निवडणूक लढवता येत नाही, साधी नगरपालिकेची जागाही नाही. सरकारी नोकरीत बरोबरीचा हक्क नाही. न्यायाधीश होता येत नाही, राष्ट्रपती तर नाहीच. यातलं बहुतेक सगळं नागरिकत्व कायद्याच्या ७ ब या कलमात एकेक करून लिहिलेलं आहे. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर संशोधन करायचं, पत्रकारिता करायची, गिर्यारोहण करायचं, तर आधी परवानगी घ्यावी लागते. तुझी मुलगी उद्या मोठी होऊन भीमबेटक्याच्या गुहाचित्रांवर संशोधन करायला इथे आली, तर तिला परवानगीचा अर्ज भरावा लागेल. तिच्या आजोबांना हे सांगितलंस?

आणि ती इंदूर रोडची जमीन! सोयाबीनचं शेत घेऊन तिथे फार्महाउस बांधायचं, सिंहस्थ २०२८ ला सगळ्यांनी तिथे उतरायचं, असा तुझा बेत बाबांनी मला सांगितला. इसार देण्यापर्यंत गोष्ट आली आहे म्हणे. शेतजमीन, मळा, फार्महाउस विकत घ्यायला ओसीआय कार्डधारकाला बंदी आहे. एनआरआयलाही आहे. म्हणजे ही बंदी तुला आजच लागू आहे, नागरिकत्व बदलायच्याही आधी. वडिलोपार्जित शेत वारशाने तुझ्याकडे येऊ शकेल, पण विकायचं झालं तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावं लागेल. बाबांच्या नावावर घेऊ, पैसे मी देईन, अशी पळवाट मला सांगू नकोस. बहात्तरीच्या माणसाला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणार आहेस का? आधी चांगल्या वकिलाला विचार, मग इसाराचं बोल.

आता सगळ्यात वाईट गोष्टीकडे येते. तू लिहिलं आहेस की जुना पासपोर्ट तसाच ठेवीन, अजून बरीच मुदत आहे, ओसीआय येईपर्यंत त्यावरच ये-जा करीन. हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. परक्या देशाचा नागरिक झाल्यावर भारताच्या पासपोर्टवर प्रवास करणं हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. मेलबर्नला आपला वाणिज्य दूतावास आहे. तिथे तो जमा करायचा, त्यावर रद्दचा शिक्का मारून घ्यायचा, सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. ते झाल्याशिवाय ओसीआयचा अर्जच पुढे सरकत नाही. चार जणांनी तसं केलं म्हणून तूही करणार? वर्गात एकाची वही पाहून सगळ्यांनी चुकीचं उत्तर लिहिलं, तर मी एकालाही मार्क देत नसे.

तसंच मतदार यादीचं. फ्रीगंजच्या यादीत तुझं नाव अजून आहे. भारतीय नागरिक म्हणून परदेशात राहत होतास, तेव्हा फॉर्म ६ अ भरून परदेशस्थ मतदार म्हणून नोंद करायचा रस्ता तुला २०११ पासून खुला होता. तो तू कधी घेतला नाहीस. आता नागरिकत्व गेल्यावर ते नाव यादीत ठेवणं म्हणजे माझ्या मताशेजारी खोटं मत उभं करणं आहे. मला ते चालणार नाही.

आणि मुलाचं काय ठरवलंस? धाकटी मेलबर्नची, जन्माने ऑस्ट्रेलियन, तिचा प्रश्न वेगळा. थोरला इथे जन्मला, आपल्या क्षीरसागरच्या दवाखान्यात. त्याचं नाव तू स्वतःच्या अर्जातच घातलं आहेस. त्याला विचारलंस? तो अकरा वर्षांचा आहे, त्याला कळतं. मोठा झाल्यावर वाटलं तर परत भारतीय होईल, असं तू गृहीत धरून बसला असशील. ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाच. एका तरुणाच्या आईवडिलांनी तो जन्मण्याआधी सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं होतं. त्याला भारताचं नागरिकत्व परत हवं होतं. कायद्याच्या आठव्या कलमात अशा मुलांसाठी सवलत आहे : वयात आल्यावर वर्षभरात नुसत्या घोषणेने नागरिकत्व परत मिळतं. न्यायालयाने सांगितलं की ती सवलत आईबापांनी आपणहून, घोषणा करून नागरिकत्व सोडलं असेल तिथे लागू होते. इथे ते परक्या देशाचं नागरिकत्व घेतल्यामुळे नवव्या कलमाने आपोआप गेलं. त्याला ती सवलत मिळाली नाही. आईबापांची एक सही पोराच्या वाट्याला कशी येते, ते यात बघ.

मी तुला जाऊ नकोस म्हणत नाही, हे नीट समजून घे. आपण उज्जैनचे मराठी लोक कुठून आलो? कोणी कोकणातून, कोणी देशावरून, शिंद्यांच्या मागून. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचं मंदिर पुन्हा उभारलं. बायजाबाई शिंद्यांनी गोपाळ मंदिर बांधलं. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी आपली घरं इथेच राहिली. ही माणसं इथे आली आणि इथली झाली. घर सोडण्यात पाप असतं तर तू आणि मी आज माळव्यात नसतो.

डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांचं नाव तू शाळेत ऐकलं आहेस. उज्जैनचेच. १९५७ मध्ये भीमबेटक्याच्या गुहा त्यांनी शोधल्या, युरोप-अमेरिकेत हिंडले, व्याख्यानं दिली, १९८८ मध्ये सिंगापूरला असताना वारले. जग पालथं घातलं तरी आपण कोण याबद्दल त्यांच्या मनात कधी घोळ नव्हता. आणि दुसऱ्या बाजूचंही उदाहरण देते. जानेवारी २०२३ मध्ये इंदूरला प्रवासी भारतीय संमेलन झालं, तेव्हा मुख्य पाहुणे होते गयानाचे राष्ट्राध्यक्ष इरफान अली आणि विशेष सन्माननीय पाहुणे होते सूरीनामचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष चंद्रिकाप्रसाद संतोखी. दोघेही भारतीय वंशाचे. त्यांच्या देशांत आपले लोक गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून गेले, ऊस तोडला आणि तिथलेच झाले, म्हणून त्यांच्यातले लोक त्या देशांचे प्रमुख होऊ शकले. मालवणजवळच्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा लिओ वराडकर आयर्लंडचा पंतप्रधान झाला, तोही पुरता आयरिश म्हणून. वराडला आला तेव्हा गावाने कौतुक केलं, त्यानेही गावाचा मान ठेवला. दोघांनाही आपापली जागा माहीत होती. तूही तसा हो. ऑस्ट्रेलियन व्हायचं असेल तर ऑस्ट्रेलियन हो, मी तुला आशीर्वाद देईन.

पण नागरिकत्वाशी खेळू नकोस. ते गेल्यावर काय होतं, हे ज्यांचं गेलं त्यांच्याकडून शिक. वैष्णो दास बगाई १९१५ मध्ये सान फ्रान्सिस्कोला गेले, १९२१ मध्ये अमेरिकन नागरिक झाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, सबब त्याला नागरिकत्व नाही. बगाईंचं मिळालेलं नागरिकत्व काढून घेतलं. भारतात येऊन आप्तांना भेटायचं म्हटलं, तर अमेरिकन पासपोर्ट नाकारला. १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तीच पाळी आली. ते कोर्टात लढले आणि आपलं नागरिकत्व त्यांनी वाचवलं. अमेरिकेने भारतीयांना पुन्हा दार उघडलं ते १९४६ मध्ये, तेही वर्षाला शंभर माणसांपुरतं.

गोव्यातलं उदाहरण तर आपल्या जवळचं. १९६२ च्या आदेशाने गोव्यात जन्मलेले सगळे भारतीय नागरिक ठरले. ज्याला पोर्तुगीजच राहायचं होतं त्याने महिन्याभरात लेखी कळवायचं होतं. मोंतेरो नावाच्या धर्मगुरूंनी तसं कळवलं. परिणाम असा की ज्या गोव्यात जन्म गेला, तिथेच राहायला त्यांना परदेशी म्हणून परवाना घ्यावा लागला. परवान्याची मुदत संपली, त्यांनी ती वाढवून घेतली नाही, खटला झाला, शिक्षा झाली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. मोंतेरोंचा निर्णय मला पटत नाही, पण त्यांनी निर्णय घेतला, कागदावर लिहिला आणि त्याची किंमत मोजली. त्यांचा मी आदर करते. तुझा मला आज करता येत नाही, कारण तू काही ठरवतच नाहीस. दोन्हीकडचं पदरात पाडायचं आणि कुठलंच देणं अंगावर घ्यायचं नाही, एवढाच तुझा हिशेब आहे.

२०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, असा आकडा सरकारने संसदेत दिला. त्यांना मी गद्दार म्हणत नाही. पोटासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, तिथल्या स्वच्छ हवेसाठी माणसं जातात. आणि ज्याला जायचंही आहे नि भारताचंही राहायचं आहे, त्याला प्रामाणिक रस्ता आहे. तू आज ऑस्ट्रेलियाचा पर्मनंट रेसिडेंट आहेस. तसाच राहा. काम कर, घर घे, मुलांना शिकव, ठरावीक वर्षांनी परतीचा व्हिसा नवा करून घे, भारताचा पासपोर्ट खिशात ठेव, फॉर्म ६ अ भर आणि निवडणुकीला येऊन मत दे. तिथे मत मिळणार नाही, काही सरकारी नोकऱ्या मिळणार नाहीत, एवढं सोसावं लागेल. किंवा ऑस्ट्रेलियन हो, ओसीआय घे, इथला पाहुणा म्हणून मानाने ये. पुढे कधी परत यावंसं वाटलं, तर पाच वर्षं ओसीआय असलेल्याने इथे वर्षभर राहून नोंदणीने पुन्हा भारतीय नागरिक होण्याची सोय कायद्यात आहे. मात्र तेव्हा ऑस्ट्रेलिया सोडावा लागेल. कुठूनही ये, दार एकाच वेळी एकच उघडं राहतं.

समारंभाला अजून महिना आहे. त्या महिन्यात थोरल्याला समोर बसवून विचार. इसाराचा बेत आजच थांबव. प्रतिज्ञा घ्यायची ठरलीच, तर लगेच वाणिज्य दूतावासात पासपोर्ट जमा करायची व्यवस्था कर आणि फ्रीगंजच्या यादीतून नाव काढायला फॉर्म ७ भरून दे. आणि या सगळ्याच्या आधी बाबांना फोन कर. त्यांच्या कपाटातल्या त्या फाइलमध्ये नेमकं काय आहे, ते त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे.